‘ओके’च्या पुढचं व्याकरण

पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये ‘परम १००००’ हा महासंगणक सन कंपनीच्या युनिक्स सर्व्हरांतून उभारला. असा सर्व्हर युनिक्स सुरू होण्याआधी पडद्यावर नुसतं ‘ओके’ दाखवून हुकमाची वाट पाहू शकतो. तिथे ‘प्रिंटएन्व्ह’ लिहिलं की मांडणी दिसते, ‘सेटएन्व्ह’ने ती बदलते, ‘बूट’ने युनिक्स सुरू होतं. यामागचा ओपनबूट चार्ल्स मूर यांच्या फोर्थ भाषेत चालतो. फोर्थमध्ये दोन आणि तीन आधी लिहायचे, बेरजेचं चिन्ह शेवटी. मराठी-उर्दूतही क्रियापद शेवटीच येतं. पनवेलमधल्या माझ्या वर्गातल्या मुलांना वाटतं, संगणक इंग्रजीवाल्यांचाच. शब्द इंग्रजी आहेत, खरं. पण ही ठेवण आपण घरातच शिकलोय.