थंडी, चोक आणि स्कूटर

जयेंद्रगंज हा ग्वाल्हेरच्या लश्करातला भाग. इथे जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा ५ अंशांच्या आसपास उतरतो. अशा गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरेच थेंब इंजिनात शिरण्याआधी नळीच्या भिंतींनाच चिकटतात. एक भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा हे नेहमीचे वजनी प्रमाण मग पुरत नाही, मिश्रण दाट लागते. ते देणारी सोय म्हणजे चोक.

अनेक मोटारींत एक झडप हवेची वाट अडवी आणि पेट्रोल अधिक ओढले जाई. १९७२ पासून आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतक स्कूटरची रचना वेगळी, आणि खरोखर सुबक: सीटखालचा चोक ओढला की जादा पेट्रोलची स्वतंत्र वाट उघडे. इंजिन तापल्यावर तो बंद करावाच लागे, नाहीतर प्लग काजळे. स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची देशभरची सवयही दाट मिश्रणाच्या गरजेतूनच आली. कलल्यावर कार्बुरेटरमधले, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागातले, पेट्रोल वर चढे.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ निकष आले. ते पाळण्यासाठी बहुतेक नव्या दुचाकींत आता चोकऐवजी इंजिनचे तापमान संवेदक मोजतो आणि त्यानुसार इंजेक्टर पेट्रोल वाढवतो.