भाऊसाहेबांचे नाव

वेल्ह्यात मास्तरकी करीत असताना, मी कधी न काढलेल्या कर्जाची नोटीस एकदा हाती पडली. खाली सही हुबेहूब माझी! तो मी नव्हे, हे पटवायला भोरपर्यंत किती खेटे घातले! तेव्हा सुखनिधान आठवला. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुष्कळांना ते पटेना. त्या आशेवरच हा कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब झाला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकले. तरी १७७६ साली तो रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला आणि कोकणातले किल्ले, माणसे त्याला मिळत गेली. एवढे ते नाव चाले! त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पार्वतीबाईंनी मात्र १७८३ साली डोळे मिटेपर्यंत कुंकू पुसले नाही.