चरबी नव्हे, वंगण : बंदुकीच्या नळीतील शिशाचा इतिहास

१/
१४ जानेवारी १७६१. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी रोहिल्यांशी झुंजत असता विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडदळ गोलाची रचना सोडून पुढे धावले. रोहिल्यांच्या बंदुकांपुढे त्याला माघार घ्यावी लागली. त्या चालीच्या शहाणपणाविषयीचा वाद जुना आहे. या थ्रेडचा विषय मात्र ती चाल मोडणारी वस्तू आहे : शिशाची गोळी, आणि ती नळीत मागे ठेवून जाते ते कीट.

२/
विठ्ठल शिवदेव पानिपतातून वाचले आणि १७६७ मध्ये निवर्तले. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातले, लासलगावजवळचे विंचूर हे त्यांच्या घराण्याच्या जहागिरीचे ठाणे. विंचूरच्या पूर्वेला काही कोसांवरचे येवलेही विंचूरकरांकडेच होते. त्याच येवल्यात १८१४ च्या सुमारास तात्या टोपे जन्मले. विंचूरकरांचे पानिपत आणि तात्यांचा १८५७ चा संग्राम यांच्यामधल्या शतकात बंदुकीची नळी आतून बदलली. त्या बदलाने पुढे जे घडवले, ते समजण्यासाठी आधी शिसे समजून घ्यावे लागते.

३/
गोळीसाठी शिसेच का? ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साध्या शेगडीवर, लोखंडी पळीत त्याचा रस होतो. पाण्याच्या सुमारे ११ पट जड असल्याने लहानशी गोळीही दूरवर मार करते. दोन पाकळ्यांच्या साच्यात रस ओतायचा, साचा उघडायचा, वर राहिलेले शेपूट कापायचे, की गोळी तयार. कारखाना लागत नाही. छावणीत, गढीवर, घराच्या अंगणात हे काम होत असे. हा सोपेपणा शिशाच्या मऊपणातून येतो. आणि त्याचा सगळा उपद्रवही त्याच मऊपणातून येतो.

४/
नळीत दोन प्रकारची घाण साचते. पहिली दारूची. जुन्या काळ्या दारूचा जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो; तो काळा चिकट थर हवेतला ओलावा शोषतो आणि वाळला की कडक होतो. गरम पाण्याने तो निघतो. दुसरी घाण शिशाची. ती पाण्याला दाद देत नाही. पत्र्यावर कल्हई चढावी तशी ती नळीच्या आतल्या पृष्ठाला धरून बसते.

५/
शिसे बसते कसे? गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असेल, तर तिच्या कडेने तापलेला वायू जोराने निसटतो. तो गोळीच्या कडा वितळवतो आणि ते शिसे पुढच्या लोखंडावर फासले जाते. नळी खडबडीत असेल तर ती शिसे खरवडून घेते. गोळी फार मऊ असून वेग जास्त असेल तरीही तेच होते. एकदा थर बसला, की पुढची प्रत्येक गोळी त्यात भर घालते आणि नेम ढळत जातो.

६/
पानिपताच्या काळातील साध्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांना हा त्रास फारसा नव्हता. कारण त्यांची गोळी मुद्दाम सैल ठेवलेली असे. कंपनी सरकारच्या पलटणींची नंतरची बंदूक पाहिली, तर नळी ०.७५ इंचांची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचांची. दारूचे कीट साचले तरी गोळी गजाने ठासता यावी म्हणून ही जागा सोडलेली असे. कीट काढण्याऐवजी त्याला जागा करून दिली होती.

७/
या तडजोडीची किंमत नेमबाजीत मोजावी लागे. सैल गोळी नळीतून भिंतींवर आपटत निघे आणि शेवटच्या धक्क्याने जिकडे वळेल तिकडे जाई. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे जवळपास व्यर्थ होते. म्हणून शेकडो बंदुका एकदम झाडण्याची पद्धत पडली. घोडदळाच्या दाट जमावावर अशी फैर परिणामकारक ठरे, हे विंचूरकरांच्या पथकांनी अनुभवले.

८/
नेम सुधारण्याचा उपाय युरोपात पूर्वीच सापडला होता. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे कोरायचे. गोळी त्यांत अडकली, की स्वतःभोवती फिरत निघते आणि सरळ जाते. पण आट्यांत अडकायचे तर गोळी घट्ट हवी. घट्ट गोळी म्हणजे लोखंडाशी शिशाची थेट घसट, आणि नळीत साचलेल्या कीटातून गोळी खाली ठासण्याची झुंज. सैलपणाने टाळलेले दोन्ही प्रश्न आट्यांनी पुन्हा उभे केले.

९/
शिकारी आणि रायफलवाले यांनी त्यावर साधी युक्ती काढली : गोळीला तेलकट कापडाची किंवा कातड्याची चिंधी गुंडाळायची. आटे पकडतात ते चिंधीला. शिसे लोखंडाला लागतच नाही. वंगणाने दारूचे कीटही मऊ राहते आणि पुढच्या गोळीबरोबर पुसले जाते. मात्र अशी बंदूक भरायला वेळ लागे. म्हणून दीर्घकाळ रायफल मोजक्या तुकड्यांपुरतीच राहिली.

१०/
१८४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच अधिकारी मिनिए यांनी वेळेचा प्रश्न सोडवला. त्यांची लांबट गोळी बुडाशी पोकळ होती. ठासताना ती सैल असे. बार उडाला की वायूच्या दाबाने तिचे बूड फुलून आट्यांत बसे. याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल घडवली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. सैलपणाची जागा आता इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उरली.

११/
एवढ्या कमी जागेत कीट खपणार नव्हते. म्हणून काडतुसातच दोन उपाय बसवले. गोळीभोवती कागद गुंडाळलेला, आणि त्या कागदावर चरबी व मेण यांचे मिश्रण. शिपायाने दातांनी काडतुसाचे तोंड फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून कागदासकट गोळी ठासायची. कागद शिशाला लोखंडापासून दूर ठेवी; वंगण कीट मऊ करी. शिकाऱ्याची तेलकट चिंधी आता सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली होती.

१२/
कागद आणि वंगण : १८५७ मध्ये शिपायांनी नेमका याच दोन वस्तूंचा संशय घेतला. जानेवारीत दमदम येथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला. जातीच्या कारणाने नकार मिळताच तो म्हणाला, की लवकरच तुम्हाला गाईडुकरांची चरबी दातांनी तोडावी लागेल, तेव्हा जात कुठे राहील? कॅप्टन राइट यांनी २२ जानेवारीला ही कुजबूज वरिष्ठांना कळवली.

१३/
संशय निराधार नव्हता. कारखान्यात आलेली चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी झालेली नव्हती. अवघ्या काही दिवसांत, २७ जानेवारीला, सरकारने हुकूम काढला : काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही आली.

१४/
या हुकुमाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. नळीला वंगण हवे होते, पण ते अमुक एका जनावराचेच असावे अशी तिची अट नव्हती. मेण आणि तूप, मेण आणि तेल, यांनीही ते काम भागत होते. म्हणजे चरबी ही यंत्राची गरज नसून कारखान्याची सोय होती. जो उपाय आठवड्याभरात कागदावर उतरला, तो काडतुसे पहिल्यांदा वळली तेव्हाच योजता आला असता. हिंदुस्थानी शिपायांच्या हाती अशी काडतुसे देण्यातला धोका १८५३ मध्येच कर्नल टकर यांनी वरिष्ठांना कळवला होता.

१५/
मग संशय वंगणावरून कागदावर गेला. नव्या कागदाची चकाकी पाहून त्यातच चरबी असावी, असे बराकपूरचे शिपाई म्हणू लागले. २९ मार्चला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ती काडतुसे जुन्याच नमुन्याची, चरबी नसलेली होती. विश्वास उडाल्यावर काडतुसात काय आहे, हा प्रश्न गौण ठरला होता. १० मे रोजी मेरठ पेटले.

१६/
या उठावाची कारणे अनेक होती : खालसा केलेली संस्थाने, जमिनीचे प्रश्न, पगारभत्ते, मानापमान. काडतूस ही ठिणगी. तरीही ‘अडाणी शिपाई आणि शास्त्रीय रायफल’ अशी मांडणी अपुरी आहे. शिपायांचा आक्षेप वंगणाच्या तत्त्वाला नव्हता. आपल्या तोंडात काय जाते, हे आपल्याला न विचारता ठरवण्याला होता.

१७/
पुढचा भाग अधिक कटू आहे. उठाव करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका राहिल्या आणि समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एन्फिल्ड होती. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूर येथे हॅवलॉकच्या फौजेने दुरूनच मारा करून लढाईचा निकाल लावला. ज्या रायफलीचे काडतूस नाकारले, तिच्याच पल्ल्यात उभे राहून लढावे लागले. येवल्याच्या तात्यांनी पुढे उघड्या मैदानातील लढाईऐवजी वेगवान हालचालींवर भर दिला. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आले.

१८/
विजेत्यांची नळीही स्वच्छ राहिली नव्हती. हिंदुस्थानच्या उन्हात काडतुसावरची चरबी वितळून कागदात मुरू लागली. वंगण हरपले, कीट साचले आणि गोळी ठासता येईना. १८५९ मध्ये इंग्रजांनी गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर आणला आणि वंगणात मेणावर भर दिला. सहज न वितळणारे मेण येथील हवेला अधिक मानवणारे होते. शिपायांचा धर्म सांभाळण्यासाठी जो बदल वेळेवर झाला नाही, तो नळी सांभाळण्यासाठी झाला.

१९/
यानंतर उपाय गोळीच्या आत शिरला. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीत १२ भाग शिशाला एक भाग कथील मिसळलेले असे. वर कागद होताच. कथील आणि अँटिमनी यांनी शिसे कठीण होते व कमी घासले जाते. छापखान्यातील खिळेही याच तीन धातूंचे. पुण्याच्या विंचूरकर वाड्यात राहणाऱ्या टिळकांचा ‘केसरी’ ज्या खिळ्यांनी छापला जाई, ते आणि कठीण केलेली गोळी एकाच कुळातले.

२०/
वेग वाढला तसे मिश्रणही पुरेना. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी शिशाच्या गोळीला तांब्याचे कवच चढवले. लोखंडाला आता शिशाऐवजी तांबे लागू लागले. इंग्रजांची १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल अशाच कवचधारी गोळीची. त्या गोळीने पुरेशी इजा होत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दमदमच्या कारखान्यात तिचे टोक उघडे ठेवण्यात आले. हीच ती कुप्रसिद्ध ‘दमदम’ गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यासारख्या गोळ्यांच्या वापरावर बंदी आली. १८५७ ची कुजबूज ज्या गावात उठली, त्याच गावाचे नाव जगभर गोळीला चिकटले.

२१/
अंगणात गोळी ओतण्याची कला आपल्याकडे मागे पडली, त्यात १८७८ च्या शस्त्र कायद्याचाही वाटा होता. शस्त्र आणि दारूगोळा परवान्याखाली आला. त्याआधीच, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर पिस्तूल झाडले. ते परदेशातून आलेले ब्राउनिंग होते. असल्या पिस्तुलाची गोळी कवचधारी आणि कारखान्यात बनलेली. विंचूरकरांच्या काळातली पळी आणि साचा यांचे तिथे काही काम उरले नव्हते.

२२/
परदेशात हौशी नेमबाज आजही पिस्तुलासाठी घरी गोळ्या ओततात आणि नळीत शिसे बसू नये म्हणून जुनेच नियम पाळतात : गोळी नळीला नेमकी बसणारी, शिशात कथील-अँटिमनीचे योग्य मिश्रण, वेग बेताचा आणि खाचांत मेणाचे वंगण. वितळत्या शिशाची वाफ आणि धूळ विषारी असल्याने मोकळी हवा व हातांची स्वच्छता यांवरही भर असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो.

२३/
चिंधी, कागद, मेण, कथील, तांबे. सुमारे तीन शतके माणसाने एकाच प्रश्नाला दिलेली ही उत्तरे : मऊ शिसे आणि कठीण लोखंड यांच्यामध्ये काय ठेवावे? प्रत्येक वेळी एकाहून अधिक पर्याय उपलब्ध होते. १८५७ मध्ये त्यांतला कोणता निवडावा, हे ज्यांनी ठरवले त्यांना ते काडतूस दातांनी तोडायचे नव्हते.