कचारगड : एका लोककथेचा प्रवास

जागतिकीकरण आणि लोकसंस्कृती हा विषय निघाला की आपण लगेच हळहळायला लागतो. टीव्ही आला, मोबाईल आला आणि जुनं सगळं बुडालं, असं म्हणतो. इतिहास मात्र इतका सरळ नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचंच उदाहरण घेऊ.

धनेगावजवळच्या डोंगरात कचारगडची मोठी नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही लोक येतात. कथा अशी सांगतात : काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली, दारावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार त्यांना सोडवायला आले. हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने मुलांना बळ आलं, शिळा सरकली. पण तिच्याखाली तो वादकच चिरडला गेला.

लिंगोची कथा पिढ्यानपिढ्या जपली ती परधानांनी. गोंड यजमानांच्या घरी जाऊन, बाना हे तंतुवाद्य वाजवत ते ती गात. १९व्या शतकात नागपूरला आलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने लिंगोची गाणी लिहून घेतली. १८६३ मध्ये तो बुडून मरण पावला. पुढे रिचर्ड टेम्पलने त्याचे कागद १८६६ मध्ये छापले. म्हणजे ही कथा जगाच्या बाजारात उतरली ती मोबाईलच्या शंभराहून अधिक वर्षं आधी! त्या पाठात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. आज कचारगडला सांगितली जाणारी कथा तंतोतंत तीच नाही. लोककथा अशीच जगते, बदलत.

पुढे १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्यासारख्या शिकलेल्या गोंड अभ्यासकांनी या स्थळाकडे समाजाचं लक्ष वेधलं. कंगालींनी लिंगो आणि गोंडी पुनेम यांवर हिंदीत लिहिलं. ग्रंथ, रेल्वे, मग कॅसेट आणि मोबाईल, या सगळ्यांनी यात्रा मोठी केली. आधुनिक साधनांनी परंपरा मारली नाही, उलट तिला नवा समाज मिळवून दिला.

मग काळजी कशाची? भाषेची. गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक. पण २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाखच. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. राज्याराज्यांत विभागलेल्या गोंडांना एकमेकांशी बोलायला हिंदी सोयीची पडते, आणि तीच यात्रेच्या व्यासपीठावरही सोयीची. दुसरीकडे बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे अक्षरं फोनवर पोचायची सोय झाली. ती लिहिणारी मुलं तयार व्हायला शाळा लागते.

म्हणून लोकसंस्कृती टिकली की नाही, हे गर्दीवरून मोजू नका. परधानाचं गाणं कोणाला समजतं, त्याला मान आणि मोबदला कोण देतं, हे विचारा. कथेतली शिळा संगीताने हलली होती, आणि किंमत वादकाने मोजली. आजही गाणं सगळ्यांचं व्हावं आणि गाणारा मात्र मागे राहावा, असं होऊ नये.