ससून घराण्याचें एक जुनें छायाचित्र

जुनें घराणें म्हटलें कीं आमची दृष्टि सनदा, इनामपत्रें, करीने आणि वंशावळी यांकडे जाते. छायाचित्र हेंही इतिहासाचें साधन आहे, हें तत्त्वतः कोणी नाकारीत नाहीं. परंतु दप्तराचे रुमाल सोडतांना हातीं आलेला फोटो बहुधा भिंतीवर टांगला जातो किंवा रद्दींत जातो, त्याचें टिपण मात्र होत नाहीं. ज्या घराण्यांना मूळ गांव सोडून परमुलखांत यावें लागलें, त्यांच्या बाबतींत ही उपेक्षा फार महाग पडते. मुंबई व पुणें या दोन्ही शहरांशीं निगडित असलेल्या ससून नांवाच्या बगदादी यहुदी घराण्याच्या एका छायाचित्रावरून हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें चित्र अनेक ग्रंथांत छापलें गेलें असल्यामुळें पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत आलें असेल. लांब दाढीचे वृद्ध डेव्हिड ससून खुर्चीवर बसलेले असून अब्दुल्ला, इलियास व ससून हे तीन पुत्र त्यांच्याजवळ आहेत. बाप व दोन वडील पुत्र यांच्या अंगांत पायघोळ झगे आणि डोक्यास पागोटीं आहेत. तिसरा पुत्र तेवढा विलायती पोषाखांत आहे. आमच्या मतें सर्व मर्म या पोषाखाच्या भेदांत सांठविलें आहे.

डेव्हिड यांचा जन्म १७९२ सालीं बगदादेस झाला. वडील शेख ससून बिन सालेह हे तेथील पाशांचे मुख्य खजिनदार व यहुदी समाजाचे पुढारी होते. दाऊद पाशाच्या अमदानींत जाच वाढला, तेव्हां बापलेकांनीं इराणी आखातावरील बुशहर बंदराचा आश्रय केला. तेथें १८३० सालीं शेख वारले आणि डेव्हिड १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. अब्दुल्ला (१८१८) व इलियास (१८२०) हे पहिल्या पत्नीचे, बगदादेंत जन्मलेले. ससून हा दुसऱ्या पत्नीचा, १८३२ सालीं मुंबईंत जन्मलेला. म्हणजे स्थलांतराची रेषा या तीन भावांच्या मधून गेली आहे, आणि झगा व कोट यांच्या रूपानें ती चित्रांत डोळ्यांस दिसते. खुद्द डेव्हिड यांना इंग्रजी बोलतां येत नसे. तरी १८५३ सालीं ते ब्रिटिश प्रजाजन झाले. पोषाख मात्र बगदादचा तो बगदादचाच राहिला.

चित्राचा काळ १८५० च्या दशकांतला धरतात. अंतर्गत पुराव्यावरूनही तेंच निघतें. कोट घातलेला पुत्र पुरता वयांत आलेला दिसतो, तेव्हां १८५० च्या फार अलीकडे-पलीकडे जातां येत नाहीं. आणि हाच पुत्र १८५८ सालीं लंडनची पेढी पाहण्यास गेला. इलियास १८४४ पासून चीनच्या व्यापारांत गुंतलेला असल्यानें चौघे एकत्र येण्याचे प्रसंग मुळांतच थोडे असावेत. बापाच्या मृत्यूनंतर, १८६७ सालीं, इलियास यानें वडील बंधूपासून निराळा होऊन स्वतःची पेढी काढली, आणि त्याच वर्षीं ससून लंडनमध्यें वारला. चित्रांत शेजारीं असलेले भाऊ पुढें असे तीन वाटांनीं गेले.

नांवांच्या बाबतींत संग्राहकांनीं विशेष सावध राहिलें पाहिजे. अब्दुल्ला हाच पुढें सर आल्बर्ट झाला. मुंबईची ससून गोदी (१८७५) त्याचीच. फर्‍हा हीच फ्लोरा. दोन फोटोंवर दोन नांवें पाहून दोन माणसें मोजल्यास वंशावळीचा घोळ होतो. ‘इलियास डेव्हिड ससून’ या नांवांत मधलें नांव बापाचें, हा क्रम आपल्याकडील प्रमाणेंच आहे. ‘ससून डेव्हिड ससून’ यांत पहिलें नांव नातवाचें व शेवटचें आजाचें, हें ध्यानांत न घेतल्यास तें लेखकाच्या हातून दोनदां लिहिलें गेलें असें वाटेल. याच ससूनचा नातू, इंग्रजी कवि सीगफ्रीड लोरेन ससून (१८८६–१९६७), याच्या बापाचें नांव आल्फ्रेड होतें. मधलें नांव बापाचें ठेवण्याचा रिवाज येथें सुटलेला दिसतो.

छायाचित्रांत जें नाहीं त्याचीही नोंद घेतली पाहिजे. घराण्याच्या वैभवाचा मोठा भाग कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूवर उभा होता. त्या पेट्यांचा येथें मागमूस नाहीं. दवाखाने, ग्रंथालयें व प्रार्थनामंदिरें यांची स्तुति करणाऱ्यांनीं हें झांकूं नये. स्त्रियाही नाहींत. आणि तरी डेव्हिडचा पुत्र सॉलोमन १८९४ सालीं वारल्यावर मुंबईच्या पेढीचा कारभार त्याची विधवा फ्लोरा हिनेंच हांकला, व १९०१ सालीं ती लंडनला गेली. केवळ या चित्रावरून घराणें जाणूं पाहणाऱ्यास ती सांपडणार नाहीं.

चित्रांतील पार्श्वभूमीवरही भिस्त ठेवूं नये. विल्यम जॉन्सन यानें मुंबईच्या जातिजमातींचीं छायाचित्रें १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलीं. त्यांत माणसें एका ठिकाणीं टिपून निराळ्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत. तसेंच, ‘यहुदी’ एवढ्या शब्दावरून बेने इस्राएल व बगदादी यांची गल्लत होते. बेने इस्राएल हे कोंकणांत शतकानुशतकें राहिलेले, मराठी बोलणारे, शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे; बगदादी मंडळी अरबी बोलत आलेली. या मंडळींचें अरबी भाषेंतील पण हिब्रू लिपींतील वृत्तपत्र मुंबईस १८५५ ते १८६६ पर्यंत निघत असे.

पेढीचीं पत्रेंही याच लिपींत लिहिलीं जात. त्यांचा मोठा संग्रह आतां जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत असून त्याच्या आधारें अलीकडे घराण्याचा इतिहास नव्यानें लिहिला गेला आहे. संग्रहाची आवड तर या कुळांतच होती. फ्लोरेचा पुत्र डेव्हिड सॉलोमन (१८८०–१९४२), जन्म मुंबईचा, यानें हिब्रू हस्तलिखितांचा जो सांठा केला, त्याची वर्णनात्मक यादी १९३२ सालीं दोन खंडांत निघाली. त्यानें १९२९ सालीं ३५० पौंडांस घेतलेली बायबलची प्राचीन पोथी २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत ३ कोटि ८० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. त्या यादीस त्यानें ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे डेव्हिडचा तंबू, हें नांव दिलें. पुण्याच्या लाल देवळाचें खरें नांव हेंच होय. डेव्हिड ससून ७ नोव्हेंबर १८६४ रोजीं पुण्यास वारले. देऊळ १८६७ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या आवारांतच त्यांची समाधि आहे.

१९४८ नंतर बगदादी मंडळींपैकीं बहुतेक परदेशीं गेली. मागें राहिलेले आल्बम जुन्या बाजारांत हातीं लागल्यास चित्रें पुठ्ठ्यापासून सोडवूं नयेत. छायाचित्रकाराचा शिक्का पुठ्ठ्यावरच असतो. पाठीवर हिब्रू अक्षरें दिसल्यास तीं अरबीही असूं शकतील. सालाचे आंकडे अक्षरांनीं लिहितात व हजाराचा अंक बहुधा गाळतात. अशा आंकड्यांत १२४० मिळविले कीं इसवी सन येतो. वर्ष शरदांत पालटत असल्यामुळें तेथपासून डिसेंबर अखेरपर्यंत एक कमी करावा. समाधीच्या तारखेवर पडताळा पाहावा: ६२५ म्हणजे १८६५, आणि नोव्हेंबर महिना म्हणून १८६४. शुहूर सन उलगडणाऱ्या आमच्या वाचकांस हें गणित जड जाणार नाहीं.