मिटलेल्या तोंडाचे सहा आठवडे : जबड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सम्राट पाचव्या चार्ल्सचे अश्वारूढ चित्र आहे. टिशियनने ते १५४८ मध्ये रंगवले. चित्रात दाढी आहे, पण पुढे आलेला खालचा जबडा तिच्याआड पुरता लपत नाही. हॅब्सबर्ग घराण्यात हा जबडा पिढ्यान्‌पिढ्या उतरला. या घराण्यातला स्पेनचा शेवटचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याला घास नीट चावता येत नसे, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. उत्तमोत्तम वैद्य पदरी असूनही या राजांना दाढी आणि चित्रकाराची मर्जी याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

वाकडा किंवा पुढे आलेला जबडा हा केवळ रूपाचा प्रश्न नाही. वरचे दात खालच्या दातांवर बसत नाहीत, घास तुटत नाही, काही उच्चार अडखळतात, काहींचा झोपेत श्वास अडतो. यावरच्या शस्त्रक्रियेला आज ‘ऑर्थोग्नाथिक सर्जरी’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘ग्नाथोस’ म्हणजे जबडा. तिचा इतिहास बहुधा सर्जनांच्या नावांनी सांगितला जातो. रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे बदलत गेले, हाच त्यातला महत्त्वाचा धागा ठरतो.

पहिली नोंद १८४९ ची आहे. अमेरिकेत व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांच्याकडे वीस वर्षांची एक तरुणी आली. पाचव्या वर्षी ती भाजली होती. मानेवरचे व्रण आवळत गेले आणि वाढत्या वयात खालचा जबडा खेचला जाऊन लांबला. हलिहेन यांनी जबड्याच्या दोन्ही बाजूंनी हाडाचे पाचरीसारखे तुकडे काढले, पुढचा भाग दातांसकट मागे सरकवला आणि साचा घेऊन बनवलेल्या चांदीच्या पट्टीने तो जागी धरून ठेवला. मानेचे आणि ओठाचे काम पुढच्या टप्प्यांत झाले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा सेहेचाळीस वर्षे अवकाश होता. हाताला लागेल आणि डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच सारा हिशेब होता.

१८९७ मध्ये सेंट लुईस शहरात व्हिलरे ब्लेअर यांनी पुढे आलेल्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचा तुकडा कापून काढला. दात जुळवण्याचा विचार एडवर्ड अँगल या दंततज्ज्ञाचा होता. सर्जन आणि दात सरळ करणारा तज्ज्ञ यांची जोडी इथून जमली, ती आजतागायत टिकली आहे. मात्र या पद्धतीत दात गमवावे लागत आणि हाडातून जाणाऱ्या नसेला धोका असे. शिवाय कापलेल्या टोकांना एकमेकांचा फारसा आधार मिळत नसल्याने हाड जुळेलच, याची खात्री नसे.

पुढच्या वाटेवर तीन अडथळे होते : श्वास, जोड आणि रक्तपुरवठा.

श्वासाचा प्रश्न पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे ऐरणीवर आला. इंग्लंडमध्ये सिडकप येथे हॅरल्ड गिलीज उद्ध्वस्त चेहरे पुन्हा घडवत होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबोथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे तंत्र विकसित केले. नळी नाकातून गेली की सर्जनला तोंड मोकळे मिळते.

जोडाचे कोडे ह्यूगो ओबवेगेझर यांनी सोडवले. १९५३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ येथे त्यांनी तोंडाच्या आतून छेद घेऊन जबड्याचे मागचे हाड आडवे न कापता उभे चिरले. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा, तसे हाडाचे बाहेरचे आणि आतले असे दोन थर वेगळे होतात. मग दातांचा भाग पुढे वा मागे सरकवला, तरी थर एकमेकांना रुंदीने चिकटून राहतात. चेहऱ्यावर व्रण उरत नाही. १९६६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये व्याख्याने दिली आणि हे तंत्र अमेरिकेत रुजले.

वरच्या जबड्याचा नकाशा रने ल फोर यांनी १९०१ मध्येच दिला होता. लील शहरात त्यांनी मृतदेहांच्या मस्तकांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात, ते नोंदवले. मोडण्याच्या त्या रेषा पुढे कापण्याच्या रेषा झाल्या. पण वरचा जबडा पुरता मोकळा केला तर रक्ताअभावी तो मरेल, ही भीती होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून विल्यम बेल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले, की टाळू आणि हिरड्यांचे मांस जोडलेले राहिले तर हाड जगते.

तोवर रुग्णाच्या वाट्याला मात्र मिटलेले तोंड होते. वरचे आणि खालचे दात तारेने सुमारे सहा आठवडे बांधून ठेवत. आहार दातांच्या फटीतून जाईल तेवढाच. उलटी झाली तर जीव गुदमरू नये, म्हणून तार कापायची पक्कड उशाशी. १९७४ मध्ये बेर्न्ड श्पीसल यांनी हाड स्क्रूने जखडण्याची पद्धत मांडली. नंतर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आल्या आणि बहुतेकांचे तोंड मोकळे झाले.

आज ही शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतही होते. आधी बहुधा वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावतात. शस्त्रक्रियेनंतर सूज दोन-तीन दिवस वाढते आणि दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते. पूर्ण उतरायला काही महिने जातात. नाक चोंदते, डोके उंच ठेवून झोपावे लागते, दातांना रबरबँड असतात. आधी पेज, ताक, वरणाचे पाणी. मग मऊ भात. भाकरीला बराच अवकाश असतो. आरशातला चेहरा अनोळखी वाटतो आणि पहिल्या काही आठवड्यांत मन खचू शकते. घरच्यांना हे आधी ठाऊक असलेले बरे.

दोन गोष्टी मात्र इतिहासाला बदलता आलेल्या नाहीत. हाड सांधायला आजही साधारण सहा आठवडेच लागतात. पट्ट्या ते हाड जागी धरतात, पण त्याला घाई करायला लावू शकत नाहीत. दुसरी गोष्ट नसेची. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्या पापुद्र्यांच्या मधूनच जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर होतो. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत बरीचशी परतते, काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. चावणे आणि श्वास सुधारावा, म्हणून हा धोका पत्करायचा असतो. तेव्हा होकार देण्यापूर्वी सर्जनला चेहरा कसा दिसेल, हे विचारावेच. पण त्याआधी ओठाची संवेदना किती आणि कधी परतेल, हे विचारावे.