बुटांची झिलई

पायताण उंबऱ्याबाहेर काढून ठेवण्याची ज्या घरांतून चाल आहे, त्या घरांतील वाचकांपुढें शिपायाच्या बुटांच्या पॉलिशाचा विषय मांडणें थोडें धाडसाचेंच आहे. पण आजच्या शिपायाला गणवेशाची चाड राहिली नाहीं, त्याच्या बुटांत पूर्वीसारखें तोंड दिसत नाहीं, ही पेन्शनींत निघालेल्या सेनाधिकाऱ्यांची तक्रार जुनी आहे. आणि लढाई कांहीं झिलईवर जिंकली जात नाहीं, हें तिला मिळणारें उत्तरही तितकेंच जुनें आहे. या वादांतील दोन्ही पक्ष एकदां एका खोलींत समोरासमोर आले होते. तो प्रसंग अमेरिकन सैन्यांतला आहे.

फेब्रुवारी १९४३ मध्यें ट्युनिशियांत कॅसरीनच्या खिंडीपाशीं जर्मनांनीं अमेरिकन फौजेची दाणादाण उडविली. पुढच्याच महिन्यांत त्या फौजेचें आधिपत्य जनरल जॉर्ज पॅटन यांच्याकडे आलें. रणगाड्यांचा हा धाडसी सेनापति आल्याबरोबर कशाच्या मागें लागला म्हणाल, तर नेकटायांच्या! प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी टोप, पायांत पट्टे आणि गळ्यांत टाय असलाच पाहिजे. नसेल त्याला दंड. आफ्रिकेच्या उन्हांत या हुकुमांनीं शिपाई किती चरफडले असतील, हें सांगावयास नको. तरी आम्हांस हा सारा प्रकार निव्वळ विक्षिप्तपणाचा वाटत नाहीं. पराभवानें सैल पडलेल्या माणसाला आपल्याकडे कोणाचें तरी लक्ष आहे हें कळणें, हाही एक उपचारच होय.

दुसऱ्या पक्षाचा वकील म्हणजे बिल मॉल्डिन नांवाचा एक पोरसवदा सार्जंट. जन्म १९२१ चा, न्यू मेक्सिकोंतला. पंचेचाळिसाव्या डिव्हिजनबरोबर तो सिसिलींत उतरला आणि नंतर इटलींत गेला. ज्या इटलींत आपल्या मराठा पलटणीही लढल्या, तिच्याच डोंगरांत व चिखलांत हिंडून तो ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैनिकी वृत्तपत्रासाठीं व्यंगचित्रें काढी. त्याचे विली व जो हे दोन शिपाई म्हणजे दाढीचे खुंट वाढलेले, कपडे मळलेले, डोळे झोपेनें जड झालेले आणि बूट पाहूं नयेत असे! खंदकांतील माणसांना त्या चित्रांत आपला आरसा दिसे. पॅटन यांना मात्र त्यांत बंडाची चिथावणी दिसली. हें पत्र आपल्या तिसऱ्या सैन्यांत येऊं देणार नाहीं, अशी धमकी त्यांनीं दिली.

अखेर आयझेनहॉवर यांच्या कचेरींतून मध्यस्थी झाली आणि मार्च १९४५ मध्यें लक्झेंबर्ग येथें तेवीस वर्षांचा सार्जंट एकोणसाठ वर्षांच्या जनरलपुढें उभा राहिला. (जनरलसाहेबांच्या कुत्र्याचेंही नांव विलीच होतें, हा योगायोग चित्रकाराला सुचला नसता!) बोलणें बहुतेक पॅटन यांनींच केलें. शिपाई असे भणंग दाखविल्यानें वरिष्ठांविषयींचा आदर नाहींसा होतो आणि आदर गेला कीं सेना गेली, हें त्यांचें म्हणणें. मॉल्डिनचें म्हणणें असें कीं, शिपायाला तक्रारीचें ओझें हंसून उतरवितां आलें तर तो अधिक बरा लढतो. कोणाचेंच मत पालटलें नाहीं. त्याच वर्षीं मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

येथवरची हकीकत पुष्कळांनीं सांगितली आहे, आणि सांगणारे बहुधा चित्रकाराच्या बाजूला टाळी देऊन थांबतात. आम्हांस मात्र या भेटीच्या चार महिने आधींची एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर १९४४ मध्यें लोरेन प्रांतांत पावसानें कहर केला, मोझेल नदीला पूर आला आणि पॅटन यांचे शिपाई गोळ्यांइतकेच पायांनीं जायबंदी होऊं लागले. पाय दिवसचे दिवस थंड ओलाव्यांत राहिले, त्यांतून बूट घट्ट असले, म्हणजे रक्ताचा प्रवाह मंदावतो. पाय बधिर होतात, सुजतात, काळेनिळे पडतात आणि कधीं कधीं बोटें कापावीं लागतात. हा ‘ट्रेंच फूट’. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं तो पुरता भोगला होता. शिपायांनीं रोज पायांना देवमाशाचें तेल चोळावें व अधिकाऱ्यांनीं ते पाय डोळ्यांनीं पाहावे, असा नियम त्यांनीं तेव्हांच केला होता. अमेरिकनांनीं हा धडा पुन्हां नव्यानें गिरविला: त्या एका हिवाळ्यांत पश्चिम युरोपांत त्यांचे चाळीस हजारांहून अधिक लोक थंडीच्या विकारानें इस्पितळांत गेले. तेव्हां पॅटन यांनीं आपल्या सेनानायकांना खास पत्र लिहून पायांची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली आणि कोरडे मोजे पुढें पोंचविण्याची तजवीज केली. टायसाठीं दंड करणारा तो हाच माणूस!

आणि मॉल्डिनच्या गाजलेल्या चित्रांपैकीं एकांत काय आहे? एक शिपाई दुसऱ्याला म्हणतो कीं, काल तूं माझा जीव वांचविलास, म्हणून हा माझा शेवटचा कोरडा मोज्यांचा जोड तुला देतों. जनरल आणि सार्जंट यांचें एकमत लक्झेंबर्गच्या खोलींत झालें नाहीं. तें या मोज्यांवर केव्हांच झालें होतें.

तपासणीच्या रांगेंत बूट चकाकतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अधिकारी खालीं वांकतो. त्या वांकण्यांतच बुटाची शिवण उसवली आहे काय, शिपाई लंगडतो काय, हें त्याला दिसतें. झिलईचा खरा उपयोग आम्हीं एवढाच समजतों. पण तो लहान नव्हे. पुढें या दोन गोष्टींची ताटातूट होत गेली. १९५६ च्या सुमारास अमेरिकन सैन्याचें पादत्राण तपकिरीचें काळें झालें आणि आरशासारखें पॉलिश हा एक धर्मच होऊन बसला. मग ड्यू पाँट कंपनीनें ‘कॉरफॅम’ नांवाचें कृत्रिम कातडें १९६४ मध्यें बाजारांत आणलें. फडकें फिरवावें कीं बूट लखलखीत! कंपनीनें तें १९७१ मध्यें बंद केलें, तरी चकाकत्या लष्करी बुटांना तें नांव चिकटून राहिलें. कष्टावांचून मिळालेली ही चकाकी शिस्तीची खूण कशी मानावी, हें आम्हांस उमगत नाहीं. शेवटीं २००५ पासून नव्या गणवेशाबरोबर खरबरीत बाजू बाहेर असलेले भुऱ्या कातड्याचे बूट आले, आणि रोजच्या वापरांतील पॉलिशाची डबीच गेली. तिच्याबरोबर वांकून पाहण्याची संवयही गेली असेल, तर म्हाताऱ्यांची तक्रार खोटी नव्हे.

पॅटन डिसेंबर १९४५ मध्यें मोटारीच्या अपघातानंतर वारले. त्यांना लक्झेंबर्गमध्यें आपल्या शिपायांच्या शेजारींच पुरलें आहे. मॉल्डिन आयुष्याच्या अखेरीस आजारी पडला, तेव्हां महायुद्धांतील म्हाताऱ्या शिपायांनीं त्याला हजारों पत्रें लिहिलीं. जानेवारी २००३ मध्यें तो गेला. त्याची कबर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमींत आहे; त्याच भूमींत अज्ञात सैनिकाच्या समाधीपुढें रात्रंदिवस पहारा करणारे शिपाई आपल्या काळ्या बुटांना तासन् तास झिलई देत असतात.